‘त्या काळी असे नव्हते’ : पर्यायी इतिहास आणि गिरगावातील एक खटला

गेल्या पावसाळ्यात एका नियोजित दूरचित्रवाणी मालिकेच्या संहितेचे बाड आमच्याकडे आले. दादरला शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या चार-पाच जणांच्या वाचनमंडळास जुनी मासिके चाळण्याचा नाद आहे, एवढीच ओळख. तीवरच ते आले. आमच्याकडून हवे होते ते एका प्रश्नाचे उत्तर, आणि तेही शक्यतो एका परिच्छेदात. उत्तर एका परिच्छेदात मावले नाही, म्हणून हा लेख.

मालिकेची कल्पना मराठी वाचकांस अपरिचित नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना ती लगेच ओळखू येईल. विश्वासरावांना गोळी लागली नाही, पानिपतावर मराठे जिंकले, कंपनी सरकारचे पाय देशात पसरले नाहीत आणि इंग्रजांच्या हाती मुंबईसारखी ठाणी तेवढी उरली. नारळीकरांचे इतिहाससंशोधक गंगाधरपंत पुण्याहून आगगाडीने त्या मुंबईत येतात, हद्दीवर त्यांचा परवाना तपासला जातो, आणि मग ते टाउन हॉलमधील ग्रंथालयात बसून आपला इतिहास नेमका कोठे वळला ते शोधू लागतात. आमच्या हातातील संहिता याच वंशातली. तिचा काळ १९३४ आणि स्थळ तीच इंग्रजी मुंबई. तीत गिरगावातील छापखान्यात मुद्रिते तपासणारा वासुदेव हा एक तरुण आहे आणि लालबागच्या गिरणीत साचे चालवणारा, रत्नागिरीकडून परवाना काढून आलेला दत्ताराम हा दुसरा. नवव्या भागात या दोघांचे एकमेकांवर प्रेम असल्याचे उघड होते. त्या पानाच्या समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने लिहिले होते : ‘त्या काळी, आपल्याकडे, असे? ऐतिहासिकदृष्ट्या असंभाव्य. काढावे.’

या शेऱ्याची गंमत अशी की तो लिहिणाऱ्यास पहिल्या आठ भागांत काहीच असंभाव्य वाटले नव्हते. बंदुकीची गोळी कानाजवळून निघून गेली, अब्दाली हरला, पेशवाई विसाव्या शतकापर्यंत टिकली, हे सारे चालले. अडखळले ते चौपाटीवर शेजारी बसलेल्या दोन पुरुषांपाशी. पर्यायी इतिहासात वाचकाने एक बदल निमूटपणे मान्य करायचा असतो आणि बाकी सगळे नेहमीच्या कार्यकारणाने चालले पाहिजे, असा अलिखित करार आहे. म्हणजे शेरा लिहिणाऱ्याचा प्रश्न तत्त्वतः रास्तच होता. विश्वासराव वाचल्यामुळे वासुदेव जन्मास येतो काय? नाही. मग तो वळणाआधीच्या, तुमच्याआमच्या खऱ्या इतिहासातच असला पाहिजे. तर मग खऱ्या १९३४ सालच्या गिरगावात तो होता का, एवढेच पाहावयाचे राहते.

परदेशी मालिकांतही हाच वाद झडतो. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ या २०१९पासूनच्या मालिकेत १९६९ साली रशियन अंतराळवीर चंद्रावर आधी उतरतो आणि इतिहास फिरतो. तीत एलेन ही अंतराळवीर स्त्री दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करते, जगाला दाखवण्यासाठी आपल्यासारख्याच अडचणीतील एका पुरुषाशी लग्न करते आणि पुढे राष्ट्राध्यक्षही होते. राष्ट्राध्यक्षपद हा कल्पनेचा भाग झाला. पण ते लग्न, ती लपवाछपवी? १९५३ साली आयझेनहॉवर यांच्या आदेशाने अमेरिकेत अशा माणसांना सरकारी नोकरीची दारे बंद झाली होती, आणि १९८३ साली अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड हिची सत्तावीस वर्षांची सहचरी जगाला कळली ती २०१२ साली, सॅलीच्या मृत्यूनंतर. मालिकेने जे ‘घातले’ असे प्रेक्षकांना वाटले ते खऱ्या इतिहासात होतेच. फक्त त्याला मृत्युलेखापर्यंत थांबावे लागले. अमेरिकेचे असो. आपल्याकडे काय?

आपल्याकडे सुदैवाने गिरगाव आहे, आणि गिरगावात रघुनाथ धोंडो कर्वे होते.

महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडणार नाही म्हणून १९२५ साली त्यांनी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली आणि जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. ते त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, जवळजवळ एकहाती चालवले. लेख लिहावेत यांनी, मुद्रिते तपासावीत यांनी, वर्गणीची बाकी मागावी तीही यांनीच. पत्नी मालतीबाई पाठीशी नसत्या तर संसार आणि मासिक दोन्ही बुडाले असते. या मासिकाची ओळख आज आपण संततिनियमनाचे मुखपत्र एवढीच ठेवली आहे. पण ज्यांनी त्याचे जुने अंक चाळले आहेत त्यांना ठाऊक आहे की खरा ऐवज मागच्या पानांवर, वाचकांच्या प्रश्नांत आहे. नावाऐवजी आद्याक्षर किंवा टोपणनाव घेऊन माणसे तेथे लिहीत. हस्तमैथुनाने क्षय होतो काय, बायकोला सुख का होत नाही, स्वप्नावस्था कशी थांबेल. आणि यांच्याच रांगेत, त्याच सुरात, पुरुषाला पुरुषाविषयी वाटणाऱ्या ओढीचे प्रश्न. कर्व्यांची उत्तरे त्रोटक, कित्येकदा रूक्ष. जो व्यवहार कोणालाही इजा करीत नाही त्याला अनीती म्हणण्याचे कारण नाही, ही त्यांची एकूण भूमिका. ती ते प्रत्येक प्रश्नाला गणितातील सिद्धान्तासारखी लावीत.

या पानांमुळेच १९३४ साली कर्व्यांवर खटला झाला. तो पहिला नव्हे. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल १९३१मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झालेला होता. या दुसऱ्या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर, आणि त्या प्रश्नांत हस्तमैथुनाबरोबर समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांची बाजू मांडावयास उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. परळच्या बीआयटी चाळीत दोन दशके काढून ज्यांनी याच सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ज्यांच्या मागे गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांचे ओझे होते, त्या माणसाने अशा खटल्यात पडण्याचे व्यावहारिक कारण एकही दिसत नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता. जे मासिक लैंगिक विषयालाच वाहिलेले आहे त्याला लोक लैंगिक प्रश्नच विचारणार. ते प्रश्न विकृत वाटत असतील तर विकृती ज्ञानाने जाईल, गप्प बसून जाणार नाही. समलिंगी ओढीविषयी त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या तत्कालीन संशोधकांचा आधार घेतला आणि ती निसर्गतःच ज्याच्या ठायी आहे त्याला आपल्या परीने सुख मिळवण्याचा हक्क नाकारता येत नाही, अशी दिशा धरली. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

कर्व्यांवर अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१ साली आला; या खटल्यांवर अजित दळवी यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले आणि अतुल पेठे यांनी ते २०१७च्या सुमारास रंगभूमीवर आणले. ते ज्यांनी पाहिले त्यांना न्यायालयातील प्रवेश आठवत असतील. अर्थात नाटकातील संवाद म्हणजे न्यायालयाची नोंद नव्हे, आणि आमच्या कामासाठी वकिलाच्या वक्तृत्वापेक्षा खटल्याचे निमित्तच अधिक मोलाचे आहे. उत्तर अश्लील ठरवण्यासाठी आधी कोणीतरी प्रश्न विचारलेला असावा लागतो. १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात जे उत्तर उभे केले गेले त्याच्या मागे टपालाने आलेले पाकीट होते, आणि पाकिटामागे माणूस होता. शेरा लिहिणाऱ्याने नेमके हेच साल निवडावे हा योगायोगच म्हणावयाचा.

येथे आम्हांला स्वतःलाच थोडे आवरावे लागले. पुरावा सापडला की तो ताणण्याचा मोह होतो. पहिली गोष्ट, ‘समाजस्वास्थ्या’ला लिहिणारे बहुतेक पांढरपेशे, शिकलेले पुरुष. वासुदेव त्यांत बसतो, चपखल बसतो; किंबहुना मुद्रितशोधक असल्याने असे मासिक त्याच्या हाती पडण्याची शक्यता इतरांहून अधिकच. पण दत्ताराम? साचेवाल्याला लिहिता येत असले तरी गावी पत्र लिहावयास तो खानावळीतल्या एखाद्या चौथी-पाचवी झालेल्याला गाठी. असल्या प्रश्नाचे पत्र तो कोणाकडून लिहवून घेणार?

मग लालबाग-परळच्या बाजूने काय पुरावा आहे? या ठिकाणी लोक चटकन खानावळीकडे बोट दाखवतात. मुंबईत १९२१ आणि १९३१च्या शिरगणतीत दर हजार पुरुषांमागे बायका साधारण पाच-साडेपाचशे. बायकामुले कोकणात किंवा घाटावर, आणि गडी इकडे. एकेका गाळ्यात दहा-वीस-तीस माणसे, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. एक पाळीवरून आला की दुसरा उठून जायचा आणि त्याच जागी, त्याच उबेत पहिला आडवा व्हायचा. डिलाईल रोड, नायगाव, वरळी, शिवडी येथे १९२०च्या दशकात ज्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्यांतील एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची. अशा दाटीत पुरुष पुरुषाला बिलगून झोपत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गिरणगावातून हिंडत, आणि त्याकडे कोणी वळून पाहत नसे. हा समलिंगी प्रेमाचा पुरावा आहे काय? आमचे मत : नाही. जागेची टंचाई म्हणजे प्रेम नव्हे. तीच गोष्ट रंगभूमीची. बालगंधर्वांच्या शालूपैठण्या, तमाशातला नाच्या यांची नावे या चर्चेत हटकून निघतात. स्त्रीभूमिका हा तेव्हाच्या नटाचा व्यवसाय होता. त्यावरून नटाच्या मनाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे रावणाचे काम करणाऱ्याला दुष्ट ठरवण्यासारखे आहे. (सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’त या प्रश्नाशी जो खेळ आहे तो यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचा, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

खानावळ सिद्ध करते ती दुसरीच गोष्ट, आणि नाटककाराला ती अधिक उपयोगी आहे. ज्या समाजात दोन पुरुषांच्या जवळिकीला कोणी नाव देत नाही, तेथे ती जवळीक लपवण्याचीही गरज पडत नाही. आणि म्हणूनच तिची कोठे नोंदही होत नाही. दप्तरात नाही याचा अर्थ नव्हते असा काढता येत नाही. दप्तरात येण्याजोगे ते केव्हा ठरले असते, असे विचारावे लागते. दप्तरात ते आले असते फौजदारीमार्गे. पण कलम ३७७ खालील जुने छापील निकाल पाहिले तर त्यांत बहुतांशी बळजबरीची, लहान मुलांवरील अत्याचाराची प्रकरणे. दोन सज्ञान माणसे राजीखुशीने एकत्र असली तर फिर्याद करणार कोण? तेव्हा जो केवळ निकालपत्रांत शोधील त्याला केवळ गुन्हेगार सापडतील, आणि मग तो म्हणेल की त्या काळी गुन्हे होते, प्रेम नव्हते.

आमच्यातील एकाचे चुलतआजोबा चाळीस वर्षे लालबागेत राहिले. गिरणीत जॉबर होते. लग्न केले नाही. गाळ्यात त्यांच्या शेजारी एका घाटावरच्या माणसाची वळकटी असे. तो ना गाववाला, ना जातीचा. गाळ्यातील माणसे बदलत गेली, या दोन वळकट्या बदलल्या नाहीत. तो माणूस वारला त्या वर्षी आजोबांनी गिरणीतून नाव काढून घेतले आणि गावी जाऊन राहिले. घरात एक फोटो आहे : मागे रंगवलेला महाल, पुढे दोन खुर्च्या, दोघांच्या डोक्याला टोप्या आणि एकाचा हात दुसऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर. कुटुंबाच्या वंशावळीत आजोबांच्या नावापुढे ‘अविवाहित’ एवढेच आहे. आमच्या स्नेह्याने हा फोटो त्या शनिवारी प्रथमच टेबलावर ठेवला आणि विचारले, याचे काय? आम्ही फार वेळ कोणी बोललो नाही. इतिहास म्हणून आम्ही यातून एक अक्षरही पुढे जाऊ शकत नाही. दोन मित्रांनी फोटो काढला, एवढेच विधान टिकेल. पण ‘असंभाव्य’ हा शब्द त्या फोटोशेजारी ठेवून वाचवेना, हेही तितकेच खरे.

आता कायद्याकडे. मालिकेचा पेच तेथेच आहे आणि लेखकाने तो निम्माच ओळखला होता. त्याच्या संहितेत वासुदेवाला ३७७ कलमाची भीती आहे. पण हे कलम आले कोठून? भारतीय दंडसंहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तयार केला, सत्तावनच्या उठावानंतर १८६० साली ती मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२पासून लागू झाली. पानिपत जिंकलेल्या जगात सत्तावन्न नाही आणि हिंदुस्थानभर इंग्रजी राज्य नाही. मग अखिल हिंदुस्थानासाठी दंडसंहिता तरी कशाला? तेथील मुंबई बेटावर थेट इंग्लंडचाच कायदा असणार, आणि आठव्या हेन्रीच्या १५३३च्या कायद्यापासून १८६१पर्यंत तिकडे या कृत्याला शिक्षा होती मृत्युदंडाची. म्हणजे वासुदेवाच्या आजाला फाशीची भीती आणि वासुदेवाला जन्मठेपेची.

याच धाग्याने पुढे गेलो तर एक चमत्कारिक गोष्ट हाती येते. सभोवार दुसऱ्याचे राज्य आणि मध्ये इंग्रजांचे व्यापारी बेट, हे चित्र आपल्या जगात हाँगकाँगचे. इंग्लंडने सज्ञान पुरुषांमधील खाजगी संबंध १९६७ साली गुन्ह्यातून वगळले. हाँगकाँगने १९९१ साली. आपल्या खऱ्या, स्वतंत्र मुंबईत ते व्हावयास ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. तेही २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेले आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने परत घेतलेले असताना. इंग्रज न गेलेल्या मुंबईत इंग्रजांचा कायदा कदाचित लवकर गेला असता. या तर्कात कोणी इंग्रजांचे गुणगान शोधू नये. कायदा देणाऱ्याने आपला कायदा फिरवला आणि घेणाऱ्याने तो आपलाच म्हणून उराशी धरला, एवढेच यात दिसते.

आणि हद्दीपलीकडे? संहितेत दत्ताराम एका ठिकाणी म्हणतो की आपण पुण्याच्या राज्यात पळून जाऊ, तेथे हा फिरंगी कायदा नाही. हे ऐकायला गोड आहे, आणि अलीकडे बरेच लोक असे बोलतातही : आपली संस्कृती उदार होती, सोवळेपणा व्हिक्टोरियाने आणला. अर्धे खरे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी मैथुन हे जातिभ्रंशकर पापांत घातले आहे, आणि त्याच अध्यायात पुढे सचैल स्नान हे त्याचे प्रायश्चित्त सांगितले आहे. अंगावरच्या कपड्यांसह बुडी मारली की सुटला. फाशी नाही, तुरुंग नाही. पण जातिभ्रंश हा शब्द ज्याने पेशवाईतील कागद वाचले आहेत तो हसण्यावारी नेणार नाही. पंक्तीतून उठवणे, पाणी बंद करणे, मुलीबाळींची लग्ने अडवणे ही शिक्षा शिपायाविना अंमलात येते. पुण्याच्या राज्यात दत्तारामामागे पोलीस लागले नसते. त्याच्या बहिणीचे लग्न मोडले असते. कोणत्या बाजूस जगणे सोपे, याचे उत्तर माणसागणिक वेगळे आले असते, आणि हद्दीवरच्या स्टेशनात गाडी थांबलेली असताना दोघांनी यावरूनच भांडावे, हे आमच्या मते संहितेत नसलेले पण असावयास हवे असे दृश्य.

एक खरा कालविपर्यास मात्र नवव्या भागात होता, आणि शेरा लिहिणाऱ्याच्या नजरेतून तोच नेमका निसटला. चौपाटीवर वासुदेव एक पान भरून भाषण करतो : मी असाच जन्मलो, आमच्यासारख्यांना समाजाने स्वीकारले पाहिजे. हे १९३४चे मराठी नव्हे. अशा ओढीवरून माणसाची एक जातकुळी ठरते ही कल्पनाच अर्वाचीन. तिला नाव देणारा जर्मन शब्द १८६९चा, इंग्रजीत तो १८९०च्या दशकात आला, आणि गिरगावात पोहोचला तो एलिससारख्यांची पुस्तके मागवणाऱ्या मूठभरांच्या कपाटात. रस्त्यावर ‘बायल्या’ होता, पण तो चालण्या-बोलण्याला लावायचा शब्द, आणि तो शिवी. ‘आमच्यासारखे’ म्हणायला आधी दुसरा कोणी भेटावा लागतो. ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक मुंबईत १९९० साली निघाले, हमसफर ट्रस्ट १९९४चा, आणि ऑगस्ट क्रांती मैदानातून उघड्या तोंडाने पहिली मोठी मिरवणूक निघाली ती २००८ साली. त्याआधीच्या माणसाला ‘आम्ही’ नव्हते; ‘मला असे होते, हे काय आहे?’ एवढेच होते. आणि कर्व्यांच्या वाचकांच्या प्रश्नांचा सूर तंतोतंत हाच आहे.

स्त्रियांविषयी संहितेत काहीच नव्हते, म्हणून आम्हांलाही कोणी विचारले नव्हते. तरी दोन शब्द. येथे पुरावा आणखी विरळ होतो. ३७७ कलमाची व्याख्याच अशी होती की स्त्रिया तीत सापडत नसत; मासिकाला पत्र लिहावे तर टपाल दारात घेणारा सासरा किंवा दीर. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली, आणि तेव्हाही हा आक्षेप निघू शकत होता, कारण नाटक घडते स्वातंत्र्यापूर्वीच्या पुण्यात. तेंडुलकर वाढले गिरगावात आणि कुमारवयात पुण्यात होते; तो काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. त्यांनी मित्राच्या तोंडी घोषणा घातली नाही. महाविद्यालयातील नाटकात तिला पुरुषाची भूमिका मिळते आणि नायिकेपुढे उभी असताना तिचे तिला कळते. मराठी घरात तेव्हा जे निमित्त सहज घडू शकत होते तेच त्यांनी घेतले. संभाव्यता म्हणतात ती हीच. मित्राचा शेवट आत्महत्येत होतो, हे आम्हांला आज खुपते. परंतु ‘त्या काळी असे नव्हते’ असे त्या नाटकाविषयी कोणालाही म्हणता येणार नाही.

राहता राहिला पर्यायी इतिहासाचा आवडता प्रश्न : १९३४चा तो खटला कर्वे-आंबेडकरांनी जिंकला असता तर? आमच्यात यावर दोन तट पडले. एकाचे म्हणणे, मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिले-बोलले गेले असते आणि पुढच्या दोन पिढ्या अंधारात चाचपडल्या नसत्या. दुसऱ्याने दाखवून दिले की खटला अश्लीलतेच्या कलमाखाली होता. जिंकले असते तर प्रश्न छापण्याची मुभा मिळाली असती. प्रश्न विचारणारा ३७७खाली होता तसाच गुन्हेगार राहिला असता. आम्ही स्वतः या दुसऱ्या बाजूस झुकतो, पण पुरते नाही. दोनशे रुपये ही त्या मासिकाच्या जमाखर्चात लहान रक्कम नव्हती, आणि दंड भरूनही कर्व्यांनी आणखी एकोणीस वर्षे प्रश्नोत्तरे चालू ठेवली. हरूनही जे चालले ते जिंकून किती निराळे झाले असते?

आम्ही उत्तर पाठवले ते असे : पात्रे ठेवावीत, भाषण काढावे. पुढे मालिकेचे घोडे कोठेतरी अडले. आता ती होईल असे दिसत नाही. पण लेखकाने नवव्या भागाचा सुधारलेला खर्डा आवर्जून पाठवला. भाषण गेले आहे. पानिपत जिंकलेल्या जगात रघुनाथ कर्वे जन्मले नसते, म्हणून त्याने एका निनावी मासिकाच्या निनावी संपादकाची योजना केली आहे. वासुदेव टपालकचेरीच्या खिडकीपाशी उभा आहे. कारकून कार्ड पुढे करतो. वासुदेव म्हणतो, कार्ड नको, पाकीट द्या. कार्ड स्वस्त पडेल, कारकून म्हणतो. वासुदेव खिशातले पैसे पुन्हा मोजतो आणि पाकीटच घेतो. प्रसंग एवढाच आहे. समासात या खेपेस काही लिहिलेले नव्हते.